दोन उत्क्रांतीवृक्ष किती वेगळे? आकडा काढा, मग झाड उघडून बघा

माझ्याकडे सह्याद्रीतल्या पालींचे २४ नमुने होते. कोण कोणाच्या जवळचं ते दाखवणारं एक झाड (म्हणजे उत्क्रांतीवृक्ष) मायटोकॉन्ड्रियाच्या १६एस जनुकावरून काढलेलं, दुसरं केंद्रकातल्या रॅग-१ जनुकावरून. "किती वेगळी आहेत?" असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं तेव्हा "तशी सारखीच" म्हणून वेळ मारून नेली. पुढच्या बैठकीत आकडा मागितला.

आर (R ही संगणकभाषा) उघडा, 'एप' आणि 'फँगॉर्न' ही पॅकेजं घाला, दोन्ही झाडांच्या न्यूइक फाइली (झाड कंसांत लिहिलेली मजकूर-फाइल) वाचून घ्या. मग दोन्ही झाडांतली नमुन्यांची नावं जुळवा. अर्धा दिवस इथेच जातो, कारण काही सॉफ्टवेअर नावातली अधोरेषा वाचताना तिची मोकळी जागा करतात. एकाच झाडात असलेले नमुने आधी गाळा.

आता फँगॉर्नमधलं आरएफ (रॉबिन्सन-फोल्ड्स) अंतर काढा. रॉबिन्सन आणि फोल्ड्स यांनी ते १९८१ साली मांडलं. आतली एक फांदी कापली की नमुन्यांचे दोन गट पडतात. जी विभागणी एका झाडात आहे आणि दुसऱ्यात नाही, ती मोजायची, दोन्हीकडून. मूळ न धरलेल्या, पूर्ण दुभागलेल्या (प्रत्येक फाट्याला दोनच फांद्या फुटलेल्या) २४ टोकांच्या, म्हणजे २४ नमुन्यांच्या झाडात अशा २१ फांद्या असतात, म्हणजे कमाल अंतर ४२. माझं आलं २६. पोटात गोळाच आला.

पण आरएफ फार हळवा आहे. एकच नमुना झाडाच्या एका बाजूहून पार दुसऱ्या बाजूला गेला, की वाटेतली प्रत्येक विभागणी मोडते. म्हणून 'फायटूल्स' पॅकेजच्या कोफायलो या फंक्शनने दोन्ही झाडं समोरासमोर काढली, त्यात तोच नमुना दोन्हीकडे रेषेने जोडलेला असतो. सगळ्या रेषा जवळपास सरळ, एक मात्र थेट तिरपी. तो नमुना काढून पुन्हा मोजलं: ४० पैकी ८. त्या नळीत दुसऱ्याच पालीचा डीएनए मिसळला होता, माझ्याच हातून.

तेव्हापासून मी सोबतीला 'ट्रीडिस्ट' पॅकेजही चालवते. त्यातलं गटांच्या माहितीवर आधारलेलं अंतर, विभागणी तंतोतंत जुळली नाही तरी जितकी जुळते तितके गुण देतं. शून्य म्हणजे एकसारखी झाडं. फांद्यांची लांबीही महत्त्वाची असेल तर मात्र ही दोन्ही मापं कामाची नाहीत. कुनर-फेल्सेनस्टाइन अंतर घ्या, तेही फँगॉर्नमध्येच आहे.

आणि कमी आधाराच्या (विदेतून भक्कम पुरावा न मिळालेल्या) फांद्या मिटवून मग मोजणार असाल तर अहवालात तसं लिहा. वादाच्या फांद्या मिटवल्या की आरएफ उतरतोच. माझा ८ चा ३ झाला होता, आणि मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला.