नकलाकार भावाच्या साथीने भडंग करण्याची रीत

भडंग करणे हे एरवी अर्ध्या तासाचे काम आहे. पण स्वयंपाकघरात नकला करणारा भाऊ असेल, तर त्याच कामाला दुपार पुरत नाही. आमच्या सांगलीच्या घरी थोरला दादा सुटीला आला की भडंगाचा बेत ठरलेलाच असतो, आणि दोनदा लसूण जाळल्यानंतर मी जी रीत बसवली ती येथे देत आहे.

पाव किलो भडंगाचे चुरमुरे घ्यावेत. ते जाड आणि टपोरे असल्यामुळे मसाला पेलतात. भेळीचे हलके चुरमुरे तेल लागताच चिवट होतात. तासभर उन्हात ठेवून किंवा मंद आचेवर परतून ते इतके कुरकुरीत करावेत की दोन बोटांत चुरडताच भुगा व्हावा. ही परीक्षा भावाकडे सोपवू नये, कारण तो वाटीभर चुरमुरे संपेपर्यंत निकाल देत नाही. त्याला खलबत्ता द्यावा. वीस-पंचवीस लसूण पाकळ्या सालासकट ओबडधोबड ठेचायच्या असतात, आणि ज्याच्या नकलांना हात लागतात त्याचे हात गुंतलेले बरे.

सहा-सात मोठे चमचे शेंगतेल तापवून त्यात वाटीभर शेंगदाणे खमंग तळून काढावेत, आच मंद करावी आणि मग लसूण सोडावा. येथे घरात पूर्ण शांतता हवी, कारण लसूण तांबूस झाल्यापासून काळा पडेपर्यंत जेमतेम एका विनोदाइतकाच वेळ जातो. मराठी नाटकाचा पहिला प्रयोग १८४३ मध्ये ज्या सांगलीत झाला, तेथल्या माणसाला ओट्याचाही रंगमंच करावासा वाटतो, त्याला इलाज नाही. गेल्या दिवाळीत नेमक्या याच क्षणी दादाने खांद्यावर पंचा टाकला, हळदीचा डबा उचलला आणि मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याच्या, म्हणजे लिलावाच्या, थाटात तो ओरडला, “राजापुरी हळद, बोला!”

मी झारा न सोडता “दहा” म्हणाले.

“दहा? अगं, माल बघून तरी बोल की!” असे म्हणून त्याने चिमूटभर हळद खिडकीच्या उजेडात धरली, डोळे मिटून हुंगली आणि दारात उभ्या असलेल्या आईकडे गंभीरपणे पाहिले. आई तितक्याच गंभीरपणे “अकरा” म्हणाली. मी हसून ओट्यावर ओणवी झाले आणि मान वर केली तेव्हा लसणाचा कोळसा झालेला होता. असे तेल सरळ टाकून द्यावे. जळक्या लसणाचा कडवटपणा साखरेनेही झाकला जात नाही.

तेव्हापासून सौद्याची वेळ मी बदलली आहे. लसूण तांबूस झाला की मूठभर कढीपत्ता टाकून गॅस बंद करावा आणि मगच भावाला मोकळे सोडावे. उकळत्या तेलात तिखट घातले तर ते करपते आणि घरभर ठसका लागतो, म्हणून तेल थोडे निवावे लागते. एक सौदा पटेपर्यंत ते बरोबर निवते. मग अर्धा चमचा हळद, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर धने-जिरे पूड आणि चवीपुरते मीठ घालून ढवळावे, चुरमुरे व शेंगदाणे ओतावेत आणि मसाला सगळीकडे सारखा लागेपर्यंत हलक्या हाताने कालवावे. पिठीसाखर दोन चमचे पुरे, तीही भडंग पूर्ण निवल्यावर. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून डबा भावाच्या हाताला येणार नाही असा ठेवावा.

दिवाळीतला तो माल आईला अकराच्या भावाने गेला होता. पट्टी, म्हणजे विकल्या मालाचे पैसे, अजून जमा झालेली नाही, अशी दादाची तक्रार आहे.