पिशवीत आधी स्वतःचा शर्ट टाका

मागच्या वेळी आमच्या सॅकमध्ये दोन्ही पोरांचे मिळून पाच जोड कपडे होते. टोप्या होत्या, मोजे होते, ओले रुमाल होते, फुगवायची उशी होती, शिवाय एक प्लास्टिकचा डायनोसॉर. माझं काहीच नव्हतं. ट्रेन सुटून वीसेक मिनिटं झाली असतील. धाकटी माझ्या मांडीवर, खिडकीकडे पाठ, हातात माझा मोबाइल, त्यात कार्टून. तिची बडबड चालली होती ती एकदम थांबली. एक जांभई दिली. मी म्हटलं, झोप आली वाटतं. आणि सकाळची सगळी न्याहारी माझ्या शर्टावर, कॉलरपासून पट्ट्यापर्यंत.

तिला पुसून, कोरडा फ्रॉक घालून पाच मिनिटांत नवीकोरी केली. मी शर्ट काढला, उघड्या अंगावर जाकीट चढवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दिवसभर तसाच. संग्रहालयाच्या दुकानात टी-शर्ट होते, पण सगळे मुलांच्या मापाचे. परतीच्या खचाखच भरलेल्या डब्यात माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली आणि जिच्यामुळे हे सगळं झालं तिनंच खुशाल विचारलं, ‘बाबा, तुझा वास का येतोय?’

तर उपनगरातून पोरांना घेऊन दिवसभरासाठी शहरात जाणार असाल, तर यादीतली पहिली वस्तू तुमचा स्वतःचा शर्ट. पोरांचे कपडे कुणी विसरत नाही, ते सांगत बसत नाही. तुमचा. दोघं जाणार असाल तर दोघांचा. ‘मी काय लहान आहे का अंगावर सांडायला’ असं मनात येईल, माझ्याही आलं होतं. सांडणारं दुसरंच असतं, अंग तुमचं असतं.

शर्ट कसा न्यायचा तेही ऐका. पातळ घ्या, गडद रंगाचा, चुरगळला तरी चालेल असा. घट्ट गुंडाळा, चेनच्या प्लास्टिक पिशवीत घाला, हवा काढून बंद करा. मुठीएवढी गुंडाळी होते, त्यामुळे जागा नाही ही सबब सांगू नका. ती पिशवी फेकायची नाही, कारण चांगला शर्ट बाहेर आला की खराब शर्ट त्याच पिशवीत जातो. उलटीचा तो आंबूस वास बराचसा ब्युटिरिक आम्लाचा असतो, खवट लोण्यात असतं तेच, आणि जरासं असलं तरी नाकाला कळतं. मी माझा शर्ट खाऊच्या डब्याच्या कप्प्यात कोंबला होता. त्या डब्यातलं नंतर कुणी खाल्लं नाही. शर्टाबरोबर एक जुना पंचा आणि पुडीत मूठभर खाण्याचा सोडा ठेवा. कापड धुवायला मिळालं तर गार पाण्यानंच धुवा, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. मग वरून सोडा भुरभुरवा. वास पूर्ण जात नाही, पण शेजारचा माणूस उठून जाणार नाही इतपत तरी कमी होतो.

आता गाडी लागण्याबद्दल. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा गाडी लागत नाही. त्यानंतर साधारण बारा वर्षांपर्यंत हा त्रास सगळ्यात जास्त दिसतो, म्हणजे ज्या वयाच्या मुलांना आपण हौसेनं फिरायला नेतो नेमकी तीच. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, त्याला आपण हलतोय हे कळत असतं. डोळे पडद्यावर खिळलेले, त्यांना सगळं स्थिर दिसतं. मेंदूचा गोंधळ होतो आणि शिक्षा पोटाला. म्हणून चालत्या गाडीत मोबाइल नको, पुस्तक नको, रंगवायची वहीसुद्धा नको. तोंड गाडी जाते त्या दिशेला आणि नजर बाहेर, लांब. बसमध्ये मागची बाकं टाळा, तिथे हिसके फार. खिडकी उघडत असेल तर थोडी उघडा. निघण्याआधी पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको, आमच्या धाकटीनं त्या सकाळी कौतुकानं दोनदा दूध मागून घेतलं होतं. गोळी द्यायची तर डॉक्टरांना आधी विचारून आणि निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुतेक वेळा बाकीच्या ऐवजासकट बाहेर येते.

पोर अचानक गप्प झालं, जांभया द्यायला लागलं, चेहरा पांढरा पडला, कपाळाला गार घाम आला, की पिशवी तोंडापुढे धरा. पिशवी तुमच्या खिशात हवी. सॅकमध्ये ठेवलीत तर सॅक वरच्या फळीवर असते आणि तुमच्या मांडीवर पोर असतं, हात पोचत नाही. खिशात म्हणजे खिशात. उलटी झाल्यावर लगेच पेलाभर पाणी पाजू नका, ते परत येतं. थोडं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी चमचाभर. ओआरएस नेलं असेल तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, ‘थोडं घट्ट करूया, जोर येईल’ असला शहाणपणा नको.

आणि एवढं सगळं करूनही झालीच तर? शर्ट. टाकला का सॅकमध्ये? ‘जाताना टाकतो’ म्हणाल तर जाताना तुमच्या एका हातात बूट असतील आणि दुसऱ्या हातात बूट न घालणारं पोर. आत्ता उठा, टाका, मग पुढचं वाचा.

आदल्या रात्री ठिकाण उघडं आहे का ते बघा. हसू नका, पुष्कळ शहरांत संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, बहुतेक सोमवारी, आणि शाळेला जोडून सुट्टी आली की आपण नेमका तोच दिवस धरतो. बंद होण्याची वेळ आणि शेवटचा प्रवेश या दोन वेगळ्या वेळा असतात, दुसरी बघायची. सुट्टीच्या दिवसाचं गाड्यांचं वेळापत्रक निराळं असतं, तेही बघा. बाबागाडी न्यायची असेल तर स्टेशनवर लिफ्ट आहे का आणि चालू आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय न्यायची नाही. तिकिटांचा फोटो मोबाइलमध्ये. मोबाइल चार्ज. पॉवर बँक. पाणी, टोपी, डायपर हे सांगायला नको.

खाऊचं मात्र सांगायला हवं, कारण पोरं तो चालता-चालता, पळता-पळता, हसत खातात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे किंवा काजू-बदाम देऊ नका. द्राक्षं उभी चिरून, एकेकाचे चार तुकडे करून डब्यात भरा. आडवी चिरू नका, गोल चकतीही घशात तशीच अडकते. हे काम रात्री करा, सकाळी वेळ नसतो आणि ‘राहू दे, अख्खीच देतो’ असं होतं. चिकट आणि गोड असं काही जाताना नकोच, येताना द्या. कारण वर सांगितलं.

सकाळी निघण्याआधी सगळ्यांनी शू करायची, लागली असो वा नसो. पोराच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे: वयात एक मिळवा, ३० ने गुणा, येतील तेवढे मिलिलिटर. चार वर्षांच्या मुलीचे झाले १५०, जेमतेम पाऊण पेला. ‘जरा धर गं’ म्हणून भागत नाही, जागाच तेवढी. त्यामुळे कुठल्याही नव्या ठिकाणी पोचल्यावर तिकीट खिडकीच्या आधी शौचालय शोधा, आणि स्टेशन सोडण्यापूर्वी स्टेशनवरचं वापरून घ्या. ओल्या चड्डीसाठीही वेगळी चेनची पिशवी. चड्डी ओली होते तेव्हा पोर कडेवर असण्याची शक्यता किती, आणि कडेवर म्हणजे कुणाच्या, हे तुम्हीच बघा. शर्ट.

उन्हाचं क्रीम एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं, घराबाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यात खेळलं की लगेच पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावायचं नाही, त्याला सावली आणि अंगभर सुती कपडे.

हरवण्याची तयारी घरून करायची असते. दाराशी उभं करून दोन्ही पोरांचा फोटो काढा, डोक्यापासून बुटापर्यंत. धांदलीत ‘कुठल्या रंगाचे कपडे होते?’ असं कुणी विचारलं तर आपल्याला आठवत नाही, खरंच नाही आठवत. वाटेत कपडे बदलले तर फोटो पुन्हा काढा. आमच्याकडे त्या दिवशी फोटोत पिवळा फ्रॉक होता आणि संग्रहालयात हिंडत होता निळा. दंडाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं तुमचा फोन नंबर लिहा. सॅकवर पोराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहू नका, कुणीही परकं माणूस नावानं हाक मारतं आणि पोराला ते ओळखीचं वाटतं. आई-बाबांची खरी नावं पाठ करून घ्या. थोरल्याला मी गंमत म्हणून विचारलं, बाबांचं नाव काय? म्हणाला, बाबा. चुकलास तर आहेस तिथेच उभा राहा, आणि विचारायचंच तर गणवेशातल्या माणसाला किंवा लहान मुलं बरोबर असलेल्या बाईला विचार, एवढी दोन वाक्यं पुरतात. जास्त शिकवलं की काहीच लक्षात राहत नाही.

स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना एकच. उन्हात उभ्या गाडीत पोराला ठेवून उतरायचं नाही, ‘पार्किंगचं तिकीट घेऊन आलोच’ म्हणूनही नाही. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंश सेल्सिअसच्या आसपास चढतं आणि काच बोटभर उघडी ठेवल्यानं काही फरक पडत नाही. झोपलं असेल तर उठवा, रडू दे. मागच्या सीटवरही गाडी लागते, बरं का, आणि पुसणारा तुम्हीच, तेव्हा शर्टातून तुमची सुटका नाही.

शहरात पोचल्यावर एकच ठिकाण. संग्रहालय, मग बाग, मग समुद्र असा बेत मोठ्यांचा असतो. पोरांना तिथल्या सरकत्या जिन्यातच जास्त रस असतो, त्यांना तो दोनदा करू द्या आणि पुढे चला. दुपारची झोपेची वेळ सावलीत बसून काढा. भेटायची खूण आल्या आल्या ठरवा, न हलणारी: घड्याळ, पुतळा, तिकीट खिडकी. ‘त्या फुगेवाल्यापाशी’ असं ठरवू नका, फुगेवाला जातो.

परतताना ऑफिसं सुटायच्या आधी निघा. उशीर झालाच तर गर्दी ओसरेपर्यंत थांबा, मधे निघू नका. सगळे पेंगुळलेले असतात, मोबाइल मागतील, देऊ नका. खिशातली पिशवी खिशात आहे ना? टोप्या मोजा. पोरं मोजा.

घरी आल्यावर ओल्या कपड्यांची पिशवी त्याच रात्री रिकामी करा, उद्यावर टाकलीत तर पिशवीसकट कपडे फेकावे लागतील. बाकी सॅक सकाळी उपसली तरी चालेल. शर्ट वापरला नसेल तर बाहेर काढू नका. आहे तिथेच राहू दे.