लाकडी चेसबोर्ड: ६४ चौकोन वेगवेगळे कापू नका

६४ तुकडे कापून चिकटवायचा नाद सोडा, मी केलाय तो प्रकार, अर्धा मिलिमीटर फरक पण शेवटच्या रांगेत मस्त उघडा पडतो.

त्यापेक्षा ५० मिमी रुंदीच्या ४ फिक्या (मेपल) नि ४ गडद (अक्रोड) पट्ट्या घ्या, लांबी ४५० मिमी तरी ठेवा कारण प्रत्येक कापात ब्लेड ३ मिमीच्या आसपास लाकूड खातं. आलटून पालटून चिकटवा, क्लॅम्प लावा, रात्रभर हात लावू नका. मग आडवे ५० मिमीचे ८ काप काढा, एक सोडून एक उलट टोकाने फिरवा, झाला चौकटींचा पट!

आता दुसरं ग्लू-अप, म्हणजे हे ८ काप एकमेकांना चिकटवणं, इथेच गंमत आहे. हे सांधे लाकडाच्या रेषांच्या (ग्रेनच्या) कापलेल्या टोकावर येतात, तिथे लाकूड स्पंजसारखा ग्लू पितं, म्हणून आधी पातळ हात मारून पाच मिनिटं मुरू द्या, मग परत लावा. क्लॅम्प जास्त आवळला तर पट मधून फुगतो.

सँडिंग १२० ते २४० ग्रिटच्या (खरखरीतपणाच्या नंबरच्या) पॉलिश पेपरने, वर तेल. फ्रेम चारी बाजूंनी ग्लूने जाम करू नका हं, लाकूड हवामानानुसार फुगतं-आकसतं, मग तडा जातो. आणि खेळताना उजव्या हाताचा कोपरा फिका!