घरच्या घरी लहान पोलादी भागांना पाणी कसे द्यावे

गोव्यातील खेड्यांत पाडेल्याचा, म्हणजे नारळ पाडणाऱ्याचा, कोयता किंवा बागायतीतील पहार बोथट झाली की ती मेस्ताकडे, म्हणजे लोहाराकडे, नेऊन पाजून आणण्याची रीत जुनी आहे. भट्टीतून काढलेले पाते पाण्यात बुडते तेव्हाचा चर्र आवाज पुष्कळांच्या ओळखीचा असतो, आणि म्हणूनच हत्यार लाल करून पाण्यात बुडवले की काम झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात ते निम्मे काम असते. पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, पोलाद कठीण होते, पण त्याच वेळी काचेसारखे ठिसूळही होते. त्यातील थोडे पाणी ठरवून उतरवल्याशिवाय, म्हणजे पुन्हा बेताने तापवून कठीणपणा थोडा कमी केल्याशिवाय, तो भाग कामाला लावता येत नाही. सेंटर पंच, आखणीची सुई, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक, लहान छिन्नी, खिट्टी, यंत्रातील एखादा खटका असे बोटभर लांबीचे भाग घरी व्यवस्थित कठीण करता येतात. त्यासाठी महागड्या भट्टीची गरज नाही. मात्र दोन्ही पायऱ्या सारख्याच काळजीने कराव्या लागतात.

सर्वप्रथम हातातील धातू पाणी घेणारा आहे की नाही, हे ठरवावे. पाणी धरण्यासाठी पोलादात पुरेसा कार्बन लागतो. बांधकामाच्या किंवा ग्रिलच्या साध्या एमएस (माइल्ड स्टील) सळईत तो पाव टक्क्याच्या आत असतो, त्यामुळे ती कितीही तापवून बुडवली तरी उपयोगाची कठीण होत नाही. जेटीवरच्या भंगारात मिळणारे 304 किंवा 316 जातीचे स्टेनलेस स्टीलही या रीतीने कठीण होत नाही. सुमारे एक टक्का कार्बन असलेले सिल्व्हर स्टील नव्या कामाला सर्वांत सोयीचे. दुकानदार ज्याला ओएचएनएस म्हणतात ते तेलात कठीण होणारे पोलादही उत्तम. जुनी चांगली कानस आणि गाडीच्या पाट्याचा (पट्टीच्या स्प्रिंगचा) तुकडा हे भंगारातून मिळणारे विश्वासाचे साहित्य होय. शंका असल्यास तुकडा ग्राइंडरवर टेकवून ठिणग्या पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. जास्त कार्बनच्या ठिणग्या टोकाशी फुटून त्यांना दाट फाटे फुटतात. त्याहूनही खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच सळईचा छोटा तुकडा आधी कठीण करून पाहणे.

छिद्रे पाडणे, आटे काढणे, कानस लावणे ही सर्व कामे पाणी देण्याआधी उरकावीत, कारण नंतर कानस चालणार नाही. आतले कोपरे काटकोनात न ठेवता किंचित गोल करावेत आणि ग्राइंडरचे आडवे ओरखडे पॉलिश पेपरने घालवावेत. बुडवताना तडा जातो तो बहुधा अशाच कोपऱ्यातून किंवा ओरखड्यातून. जस्ताचा मुलामा असलेला भाग तापवू नये, त्याचा धूर विषारी असतो. भाग टांगण्यासाठीची तारही जस्त न चढवलेलीच घ्यावी. पृष्ठभाग जळून काळी खपली धरू नये म्हणून बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून तिचा पातळ लेप द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. तापल्यावर त्याची काचेसारखी साय बनते व ती नंतर गरम पाण्यात सुटते. स्पिरिटची बाटली ज्योतीपासून दूर ठेवण्यास विसरू नये.

जागेच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पहिला पंच मी घरासमोरच्या बाल्कांवात (ओसरीत), भर दुपारी तापवला. उन्हात पोलाद लाल दिसेना म्हणून मी ज्योत लावतच राहिलो, आणि ते लाल दिसू लागले तेव्हा आवश्यकतेपेक्षा बरेच जास्त तापलेले होते. तो पंच पहिल्याच ठोक्याला मोडला. मोडलेली बाजू भिंगातून पाहिली तेव्हा आत साखरेच्या दाण्यांसारखे चकचकीत, जाडे कण दिसले. योग्य उष्णतेला बुडवलेल्या पोलादाचा भंग राखाडी आणि मखमलीसारखा बारीक असतो. तेव्हापासून हे काम मी सायंकाळनंतर किंवा झडप अर्धी ओढलेल्या खोलीत करतो. जागा अंधारी असावी, पण वारा खेळता असावा. झावळ्यांचा मांगर (खोपटे), सुके गवत किंवा काजूची लाकडे जवळ असता कामा नयेत. आधार म्हणून हलक्या अग्निविटा वापराव्यात. आपल्याकडचा चिरा (जांभा दगड) हाताशी असतो, पण तो पाणी धरून ठेवतो, आणि ओला दगड थेट ज्योतीखाली तडकून उडू शकतो.

पाच-सहा मिलिमीटर जाडीपर्यंतच्या भागांना हातातील गॅस टॉर्च पुरतो. दोन-तीन अग्निविटांची छोटी गुहा रचून भाग तिच्यात ठेवल्यास उष्णता चहूबाजूंनी मिळते आणि टोक आधी जळत नाही. त्याहून जाड भागांसाठी करवंटीच्या कोळशाची शेगडी आणि लहान पंखा चांगले काम देतो. हा कोळसा स्वच्छ जळतो आणि आपल्याकडे सहज मिळतो.

ज्योत प्रथम जाड बाजूला लावावी आणि बारीक टोकाला शेवटी उष्णता पोहोचू द्यावी. सिल्व्हर स्टीलसाठी 770 ते 790 अंश सेल्सिअस, तर ओएचएनएससाठी सुमारे 800 अंश उष्णता हवी. घरात मापक नसले तरी दोन खुणा विश्वासाच्या आहेत. पहिली लोहचुंबकाची. शुद्ध लोखंडाचे चुंबकत्व 770 अंशांना जाते, पोलादाचे त्याच सुमारास किंवा थोडे आधी. लोखंडी दांडीला बांधलेला चुंबक भागाला ओढेनासा झाला की आपण सीमेवर आलो असे समजावे आणि रंगाची आणखी एक छटा वर जावे. दुसरी खूण अंधारातच दिसते. भाग लाल होत असताना त्यावरून एक काळसर सावली सरकत जाते आणि नाहीशी होते. पोलादाची अंतर्गत रचना बदलताना ते उष्णता शोषून घेते, त्याची ही सावली. ती पूर्ण गेल्यावर रंग सर्वत्र एकसारखा, पिकलेल्या भिरंडासारखा (कोकमाच्या फळासारखा) लाल दिसला पाहिजे. तो अबोलीच्या फुलाकडे झुकू लागला तर उष्णता जास्त झाली. अशा वेळी भाग बुडवू नये, काळा होईपर्यंत हवेत थंड होऊ द्यावा आणि पुन्हा बेताने तापवावा. योग्य रंग आल्यावर लहान भाग एक-दोन मिनिटे त्याच रंगावर धरावा, म्हणजे उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचते.

बुडवण्याचे माध्यम धातूप्रमाणे ठरते. सिल्व्हर स्टीलला पाणी लागते, आणि लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ घातल्यास भागाभोवती वाफेचे कवच टिकत नाही व तो सारखा थंड होतो. ओएचएनएस, गाडीचा पाटा आणि सिल्व्हर स्टीलचे अगदी बारीक भाग तेलात बुडवावेत, कारण पाण्याच्या धक्क्याने त्यांना तडा जाण्याचा संभव असतो. तेलातले असले तरी त्याला पाणी देणेच म्हणतात. जेवणाचे शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल चालते. ते 50 ते 60 अंशांपर्यंत कोमट केल्यास पातळ होऊन उष्णता लवकर ओढते. इंजिनचे जुने तेल वापरू नये, त्याचा धूर घातक असतो. तेल खोल लोखंडी डब्यात, काठापासून चार बोटे खाली असावे, आणि घट्ट बसणारे झाकण व कोरड्या वाळूची बादली शेजारी असावी. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नये, झाकण लावावे. आपल्या पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. उघड्या डब्यात थेंब-थेंब पाणी साचून तळाशी बसते आणि लाल भाग आत जाताच उकळून तेल बाहेर उडवते. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये डबा वापरण्याआधी वरचे तेल निराळे करून तळ तपासावा.

भाग विटांतून उचलल्यापासून तेलात किंवा पाण्यात जाईपर्यंत एका सेकंदाहून अधिक वेळ जाऊ देऊ नये, म्हणून डबा हाताच्या अंतरावर ठेवावा. लांबट भाग सरळ उभा, टोक खाली करून बुडवावा आणि वर-खाली हलवावा. आडवा फिरवल्यास एक बाजू आधी थंड होऊन तो वाकतो. डोळ्यांवर चष्मा, अंगात सुती कपडे आणि हातात लांब चिमटा असावा, हे सांगून ठेवणे मी कर्तव्य समजतो. भाग हाताला सोसेल इतका थंड झाल्यावर त्याच्या कडेवर चांगली कानस हलकेच ओढून पाहावी. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी चढले. ती चावली तर उष्णता कमी पडली किंवा बुडवायला उशीर झाला.

आता पाणी उतरवणे. हे काम त्याच तासात करावे. रात्रभर तसाच ठेवलेला भाग आतल्या ताणाने आपोआप तडकू शकतो. प्रथम पॉलिश पेपरने पृष्ठभाग पांढरा चकचकीत करावा, कारण पुढचे सर्व काम त्यावर उमटणाऱ्या रंगांवरून करायचे आहे. सेंटर पंच असेल तर ज्योत टोकाला न लावता मागच्या बाजूला लावावी. थोड्याच वेळात रंगांचे पट्टे टोकाकडे सरकू लागतात: आधी वाळलेल्या पेंढ्याचा फिकट पिवळा, सुमारे 220 अंशांचा, मग भाजलेल्या काजूचा गडद पिवळा, 240 चा, 260 च्या आसपास तपकिरी, 280 ला जांभळा आणि 300 ला निळा. आखणीच्या सुईला फिकट पिवळा पुरे, पंचाच्या टोकाला तपकिरी, छिन्नीला जांभळा, तर स्क्रू-ड्रायव्हर आणि स्प्रिंगला निळा योग्य. हवा तो रंग टोकाशी पोहोचताच भाग पाण्यात टाकून तेथेच थांबवावा. रंग पुढे गेला तर घासून परत आणता येत नाही, पुन्हा पाणी देण्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून ज्योत दूर धरून सावकाश चालावे. पंचाचे हातोडी बसणारे डोके मात्र निळ्याच्याही पलीकडे जाऊन राखाडी होऊ द्यावे. तेथे कठीणपणा राहिला तर ठोक्यासरशी कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

जो भाग सर्वत्र सारखाच हवा, तो पितळेच्या जाड पट्टीवर ठेवून पट्टी खालून तापवावी, किंवा केक भाजण्याच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवावा. ओव्हनच्या बटणावरील आकडा अनेकदा खरा नसतो, तेव्हा शेजारी घासलेल्या पोलादाचा तुकडा ठेवून त्याचा रंग पाहत राहावे.

भाग एमएसचाच असेल आणि फक्त वरची कातडी कठीण हवी असेल, तर तो कोळशाच्या भुकटीसह बंद लोखंडी डबीत घालून, फटी मातीने लिंपून, सुमारे 900 अंशांवर दोन-तीन तास ठेवावा लागतो आणि मग बुडवावा लागतो. टॉर्चवर हे जमत नाही, कोळशाची भट्टीच लागते. सायनाइड असलेले क्षार या कामासाठी घरात कोणत्याही परिस्थितीत आणू नयेत.

मिठाच्या पाण्यातून काढलेला भाग आपल्या हवेत एका रात्रीत तांबूस होतो. तो गरम पाण्याने धुऊन, ज्योतीवर कोमट करून पूर्ण कोरडा करावा, मशीनचे तेल चोळावे आणि तेलकट कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा. नारळाच्या वाळक्या सोडणात (काथ्याच्या सालात) ठेवू नये, कारण ते दमट हवेतील ओल धरून ठेवते.