वाघीण आधी उलटी करा

कुणी खेळण्यातल्या आगगाडीची जुनी वाघीण, म्हणजे मालडबा, हातात दिली की मी तिचा रंग बघत नाही, अक्षरं वाचत नाही. आधी ती उलटी करतो. अडतीस वर्षं लातूरला गंजगोलाईजवळ घड्याळं दुरुस्त केली, तेव्हाची ही सवय आहे. घड्याळाची तबकडी कुणीही बदलतं, पण मागचं झाकण उघडलं की आतली यंत्रणा कधीची आहे ते कळतं. रेल्वेच्या जुन्या खेळण्यांचंही तसंच आहे. ज्यांच्या घरात माळ्यावर असा एखादा डबा निघाला असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझ्याकडं हे वेड आलं ते लातूरजवळच्या मुरूडच्या एका आजोबांमुळं. त्यांचे वडील आमच्या छोट्या गाडीवर, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेवर, गार्ड होते. आजोबा पत्र्याच्या पेटीतून चावीचं एक इंजिन आणि सात वाघिणी घेऊन आले. इंजिनाची स्प्रिंग आकड्यातून निसटली होती. दुरुस्त करून दिलं, तर म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडंच. लेकरं पुण्यात आहेत, त्यांना काय करायचंय?" ते इंजिन लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचं होतं, 'हॉर्नबी डब्लो' नावाचं. डब्लो १९३८ साली निघालं, रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे. चावीची डब्लो इंजिनं फक्त दुसऱ्या महायुद्धापूर्वी निघाली, युद्धानंतर सगळी विजेवरची. म्हणजे इंजिन जुनं, यात शंका नाही. म्हणून मी सगळ्या पेटीवरच 'युद्धापूर्वीचं' अशी चिठ्ठी चिकटवली. ती चूक निघाली. एका पेटीत आहेत म्हणजे एका वयाचे, असं धरू नका.

सगळ्यात मोठी फसगत अक्षरांवरून होते. वाघिणीच्या अंगावर 'एल.एम.एस.', 'जी.डब्ल्यू.आर.' अशी इंग्लंडच्या जुन्या रेल्वे कंपन्यांची अक्षरं असतात. 'एल.एम.एस.' कंपनीच १९२३ ची, त्यामुळं त्याआधीचं त्या अक्षरांचं खेळणं असूच शकत नाही, इतकं ठाम सांगता येतं. पण दुसऱ्या टोकाला ती अक्षरं उपयोगी पडत नाहीत. खऱ्या कंपन्या १९४८ च्या १ जानेवारीला सरकारी ब्रिटिश रेल्वेत विलीन झाल्या, तरी डब्लोच्या वाघिणींवर जुनीच अक्षरं १९५३ पर्यंत चालू होती. म्हणजे 'एल.एम.एस.' लिहिलेली वाघीण १९३८ ची असेल किंवा १९५१ चीही असेल. एका विक्रेत्यानं मला अशीच एक 'युद्धापूर्वीची, पक्की' म्हणून चढ्या भावानं दिली. मी वरूनच बघून पैसे मोजले होते.

खालून बघताना पहिली नजर कपलिंगवर, म्हणजे दोन डबे जोडणाऱ्या आकड्यावर, जाऊ द्या. युद्धापूर्वीच्या डब्लोचं कपलिंग स्प्रिंग-पोलादाच्या पातळ पट्टीचं, सपाट असतं, बोटानं दाबलं की लवतं. युद्धानंतर विक्री पुन्हा सुरू झाली तेव्हा पेको नावाच्या इंग्लिश कंपनीच्या पद्धतीचं उभ्या आकड्याचं कपलिंग आलं, आधी धातूचं, पुढं प्लॅस्टिकचं. सपाट आणि उभं एकमेकांत अडकत नाहीत. हा फरक पक्का, पण कपलिंग बदलता येतं, म्हणून नुसतं कपलिंग बघून थांबू नका. ते ज्या रिव्हेटनं बसवलंय तिथं भिंग लावा. कारखान्यातल्या रिव्हेटचं डोकं आणि भोवतालचा धातू सारखेच काळवंडलेले असतात. डोकं चकचकीत असेल, भोवती सुईसारखे ओरखडे असतील किंवा रिव्हेटच्या जागी बारीक स्क्रू असेल, तर तिथं कुणाचातरी हात लागलाय.

मग सांगाडा, म्हणजे अंगाखालची चाकं धरणारी चौकट. इथं आमच्या छोट्या गाडीची आठवण येतेच. तिचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अवघ्या ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर २५ फुटी एकच सांगाडा ठरवला आणि त्यावर वेगवेगळे डबे चढवले. १९११ ला ही गाडी लातूरला पोचली. लहानपणी येडशीच्या रामलिंगाला जाताना मी खिडकीतून शेजारच्या रुळावरची मालगाडी बघायचो. वरती एक बंद, एक उघडी, पण खालचं सगळं सारखं. मेकॅनोनंही तेच केलं. ओतीव सांगाडा एकच, त्यावर पत्र्याचं अंग कधी उघडं, कधी बंद, कधी गुरांच्या वाघिणीचं. म्हणून अंग काढून दुसऱ्या सांगाड्यावर बसवणं सोपं जातं. तसं केलंय का, ते पत्र्याच्या कानांवरून कळतं.

हे जरा सावकाश बघा. पत्र्याचं अंग सांगाड्याला धरून ठेवायला छोटे कान असतात, ते फटीतून काढून वाकवलेले. पत्र्यावर छपाई आधी व्हायची, कापणं-वाकवणं नंतर. त्यामुळं छापलेला पत्रा जिथं दुमडलाय तिथं रंगाला केसासारखी बारीक चीर असते. कान पहिल्यांदा वाकला की एकच घडी पडते. उघडून पुन्हा वाकवला की पहिल्या घडीशेजारी दुसरी रेघ उमटते, कधी कान तुटायला येतो. आणि घडीवरून रंग अखंड, मऊ, लोण्यासारखा गेला असेल, तर तो वाकवल्यानंतर चढवलेला रंग आहे, म्हणजे वाघीण पुन्हा रंगवलीय. मी दहापटीचं भिंग डोळ्याला लावून खिडकीच्या उजेडात हे बघतो. ट्यूबलाइटखाली दिसत नाही.

लोहचुंबक जवळ ठेवा. पत्र्याला चिकटतो, ओतीव जस्ताच्या सांगाड्याला आणि चाकांना चिकटत नाही. चाकांनाच चिकटला तर ती पोलादाची, म्हणजे मागून घातलेली. प्लॅस्टिकची चाकं निराळी. १९५९ ला डब्लो तीन रुळांवरून दोन रुळांवर आलं. दोन्ही रुळांतून वीज येत असल्यानं तिथं धातूची चाकं धातूच्या आसावर बसवली तर दोन्ही रूळ शॉर्ट होतात, म्हणून चाकं प्लॅस्टिकची झाली. त्याच सुमारास वाघिणींची अंगंही प्लॅस्टिकची, जास्त कोरीव झाली.

युद्धापूर्वीच्या ओतीव भागांना एक रोग होतो. जस्ताच्या मिश्रणात शिसं थोडंसं जरी मिसळलं, तरी वर्षानुवर्षं धातू आतून फुगतो, भेगाळतो, शेवटी बिस्किटासारखा तुटतो. माझ्या सातांपैकी एका वाघिणीचा सांगाडा धनुष्यासारखा वाकलाय. हा रोग दुरुस्त होत नाही. सरळ करायला जाल तर दोन तुकडे हातात येतील. प्रत्येक जुन्या सांगाड्याला तो होतोच असं नाही, त्यामुळं धड सांगाडा बघून 'नवीन असणार' असंही म्हणू नका.

रंगछटेबद्दल लोक फार घाई करतात. एक विटकरी गडद, दुसरी फिकट, की झाला 'दुर्मीळ प्रकार'. छपाईच्या खेपेनुसार छटा बदलायच्या हे खरं, पण आपल्याकडं उन्हानंही बदलतात. लातुरात चैत्र-वैशाखात काचेच्या कपाटावर ऊन येत असेल, तर चार वर्षांत एक बाजू उडते. झाकलेली जागा बघा, म्हणजे कानाच्या खालची, सांगाड्याला टेकलेली कड. तिथली छटा आणि बाहेरची सारखी असेल, तर फरक कारखान्यातला. वेगळी असेल, तर उन्हाचा.

पुन्हा रंगवलेलं ओळखायला आडत दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तो अंधारात धरा. नवा रंग बऱ्याचदा जुन्याशेजारी वेगळा दिसतो. खोक्यासाठी तर हा दिवा फारच कामाचा आहे. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची द्रव्यं १९५० च्या दशकापासून सर्रास आली. युद्धापूर्वीचं म्हणून दिलेलं खोकं निळंपांढरं लखलखलं, तर ते नंतर छापलेलं समजा. आत माहितीपत्रक मिळालं तर तळाचा आकडा वाचा. तिरक्या रेघांमधला मधला आकडा महिना आणि वर्षाचा असतो, ११३८ म्हणजे नोव्हेंबर १९३८. ही तारीख कागदाची, वाघिणीची नव्हे.

अमेरिकेतला भाचा तिथल्या लायोनेल या खेळण्यांच्या कंपनीच्या वाघिणींचे फोटो पाठवतो. तिथंही रीत हीच. त्यांची ६४६४ क्रमांकाची बंद वाघीण १९५३ ला सुरू झाली. पहिली वेस्टर्न पॅसिफिक या तिथल्या रेल्वे कंपनीच्या नावाची, चंदेरी, निळ्या अक्षरांची. लाल अक्षरांची फार थोडी आहे, म्हणून तिच्या नकला भरपूर. भाच्याला मी आधी चाकांचे ट्रक, म्हणजे चाकांच्या जोड्या धरणाऱ्या फिरत्या चौकटी, बघायला सांगितले. १९५७ पासून आलेले प्लॅस्टिकचे ट्रक त्या पहिल्या वाघिणीखाली दिसले, तर ते बदललेले आहेत. मग अक्षरांकडं दुप्पट संशयानं बघायचं.

ठेवताना एक काळजी घ्या. आपल्याकडं ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायची पद्धत आहे. प्लॅस्टिकच्या वाघिणींजवळ त्या अजिबात नकोत, त्यांच्या वाफेनं प्लॅस्टिक मऊ पडून चिकटतं. पुसायला कोरडा मऊ कुंचला पुरे. स्पिरिट लावू नका.

माझी वही आहे. प्रत्येक वाघिणीला एक पान, आणि पानावर अंग, सांगाडा, चाकं, कपलिंग यांची वयं वेगवेगळी लिहिलेली. मुरूडच्या सातांत तीन सपाट कपलिंगच्या, तीन उभ्या आकड्याच्या निघाल्या. सातवीला एका टोकाला सपाट आणि दुसऱ्या टोकाला उभं होतं. रिव्हेटच्या जागी स्क्रू, भोवती ओरखडे. मी ती 'बिघडवलेली' म्हणून बाजूला काढली आणि उभं कपलिंग काढून तिथं सपाट बसवायची तयारी केली. स्क्रू अर्धा सैल झाल्यावर हात थांबला. आधीच्या तीन जुन्या, नंतर घेतलेल्या तीन नव्या, आणि त्या एकमेकींना जोडल्या जात नाहीत. मधे ही घातली की सगळी गाडी एका इंजिनामागं चालते. गार्डानं पोरासाठी केलेलं काम असणार ते. स्क्रू परत घट्ट केला. वहीत लिहिलंय: 'अंग युद्धापूर्वीचं, सांगाडा तोच, एक कपलिंग घरी बसवलेलं, कारखान्याचा प्रकार नाही, बदलू नये.'