कुत्र्याला वास शोधायला कसं शिकवावं: नागपूरच्या उन्हाळ्यात घरातल्या घरात

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पलीकडे जातो, तेव्हा सकाळी आठनंतर कुत्र्याला रस्त्यावर नेणं म्हणजे त्याचे पंजे भाजून आणणं. डांबरावर उलटा हात सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसला नाही तर त्यालाही सोसणार नाही. मग दिवसभर ते बिचारं घरात कोंडलेलं. आमची चिंगी गावठी आहे, धरमपेठेतल्या एका गल्लीतून पावसात उचलून आणलेली. पहिल्या उन्हाळ्यात तिने सोफ्याची कड कुरतडून काढली. दुसऱ्या उन्हाळ्यात मी तिला वास शोधायला शिकवायला घेतलं. सोफा वाचलाच, पण त्याहून मोठी गोष्ट घडली. कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी ही पोर, एकदा नाक खाली घालून शोधायला लागली की शिट्टीकडे वळूनही बघत नाही.

वास घ्यायला कुत्र्याला कोणी शिकवावं लागत नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार कमी-जास्त, पण २० कोटींच्या आसपास. हुंगताना ते सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत ओढतं, आणि सोडलेला श्वास नाकपुडीच्या कडेच्या फटीतून बाहेर जातो, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. त्याला शिकवायचं ते इतकंच, की काय शोधायचं आणि सापडलं की काय मिळतं. शिकायचं जास्त आपल्यालाच असतं: गप्प उभं राहायला.

पहिला टप्पा: खोकी आणि खाऊ

ओळखीच्या किराणा दुकानातून पुठ्ठ्याची सहा-आठ खोकी मागून आणा. साबणाची किंवा अगरबत्तीची नकोत, तो वास पुठ्ठ्यातून जात नाही. पिना आणि चिकटपट्ट्या काढून टाका. खाऊ वासाचा आणि मऊ हवा, करंगळीच्या नखाएवढा: मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, किंवा घरात मांसाहार होत नसेल तर पनीर. सावजी रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे असतात. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेटही तसंच. दिवसभरात जेवढा खाऊ जाईल तेवढं जेवण कमी करा.

कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. खोकी उघडीच, खोलीभर पसरून मांडा आणि एकाच खोक्यात तीन-चार तुकडे टाका. ते खोकं पेनाने खूण करून ठेवा. खाऊ नेहमी त्याच खोक्यात जाईल, कारण तुकडे उचलले तरी वास पुठ्ठ्यात राहतो. आज या खोक्यात, उद्या त्या खोक्यात असं केलं तर चार दिवसांत सगळ्याच खोक्यांना चिकनचा वास येईल आणि कुत्र्याचा गोंधळ उडेल.

आता दार उघडा, "शोध" म्हणा आणि थांबा. बस म्हणू नका, नको म्हणू नका, बोट दाखवू नका. ते रिकाम्या खोक्यात डोकावेल, एखादं उलथवेल, दाराशी जाऊन परत येईल. येऊ द्या. बरोबर खोक्यात तोंड घालून खायला लागलं की लगेच जवळ जाऊन त्याच खोक्यात आणखी दोन तुकडे टाका आणि मनापासून शाबासकी द्या. बक्षीस हातातून देऊ नका, वास जिथे आहे तिथेच मिळालं पाहिजे. नाहीतर ते खोकं सोडून तुमच्या खिशाकडे बघायला लागतं.

असे तीन-चार शोध झाले की बास. पाच-दहा मिनिटांत कुत्रं खरोखर दमतं. आमच्या आईने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "काय करून राहिली तू हे? घरभर खोकीच खोकी!" दहा मिनिटांनी चिंगी खाटेखाली गाढ झोपलेली बघितल्यावर खोकी ठेवायला पलंगाखालची जागा तिनेच रिकामी करून दिली.

कूलरचं काय करायचं

ही गोष्ट आपल्याकडच्या घरात फार महत्त्वाची आहे. खिडकीतला कूलर सुरू असला की खोलीतली हवा एकाच दिशेने वाहते आणि वास तिच्याबरोबर जातो. खाऊ कूलरजवळ असेल तरी वास समोरच्या भिंतीशी, दाराच्या फटीशी किंवा कपाटामागे जाऊन साठतो. सुरुवातीला एकदा चिंगी सारखी समोरच्या दाराशी घुटमळत होती. मला वाटलं, ही चुकली. मी तिला हाक मारली आणि खोक्याकडे बोट दाखवलं. ती चुकली नव्हती, वास खरंच दाराशी होता, आणि तिथून ती उलटी माग काढत आलीच असती. त्यानंतर तीन दिवस ती नाक वापरायचं सोडून माझ्या हाताकडे बघत बसली. तिने बरोबर सांगितलेलं मी खोटं ठरवलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिले आठ-दहा दिवस शोधाच्या वेळी कूलर आणि पंखा दोन्ही बंद ठेवा. सकाळी सहाची वेळ धरली की सगळ्यांनाच सोसतं. खेळ पक्का झाल्यावर मुद्दाम कूलर लावा आणि कुत्रं वाऱ्याच्या रोखाने आडवं-तिडवं फिरत वासाची वाट कशी धरतं ते बघा. बाहेरून धापा टाकत आलेल्या कुत्र्याला मात्र लगेच शोधायला लावू नका. तोंड उघडं ठेवून धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. आधी पाणी, मग अर्धा तास थंड फरशी.

दुसरा टप्पा: थोडं अवघड

खोकं खुर्चीखाली सरकवा, कोपऱ्यात ठेवा, झाकण अर्धं मिटवा, पुढे स्टुलावर चढवा. एका वेळी एकच बदल. कुत्रं दोन-तीन मिनिटं अडलं तर वाट दाखवू नका, फक्त खोलीत निवांत एक चक्कर मारा. तुम्ही हललात की तेही नव्या जागी जातं. तरीही जमलं नाही तर पुढचा शोध सोपा ठेवा आणि सापडल्यावरच थांबा.

या दिवसांत कुत्र्याचं अंग वाचायला शिका. वास लागला की उघडं तोंड मिटतं, श्वासाचा आवाज बदलतो, पुढे गेलेली मान झटक्यात मागे वळते, शेपटीची लय बदलते. प्रत्येकाची खूण वेगळी असते. चिंगीचा डावा कान मागे जातो.

घरात दोन कुत्री असतील तर एकावेळी एकच, दुसरं दाराआड. खाण्यावरून गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या खोक्याजवळ मुलांना जाऊ देऊ नका. म्हातारं, अंध किंवा तीन पायांचं कुत्रंही हा खेळ खेळू शकतं; त्याच्यासाठी खोकी जमिनीवरच ठेवा आणि घसरणाऱ्या फरशीवर सतरंजी अंथरा.

तिसरा टप्पा: लवंग

खाऊ शोधणं पक्कं झालं, म्हणजे साधारण महिन्याभराने, खाऊ नसलेला वास शिकवता येतो. अमेरिकेत हा खेळ म्हणून रुजला तेव्हा बर्च नावाचं झाड, बडीशेपेसारख्या वासाचं अ‍ॅनिस आणि लवंग हे तीन वास ठरले. आपल्या मसाल्याच्या डब्यात लवंग असतेच. पण अख्खी लवंग कुत्र्यासमोर ठेवू नका आणि लवंगेचं तेल तर वापरूच नका, पोटात गेलं तर घातक ठरू शकतं. काचेच्या बरणीत पाच-सहा लवंगा आणि कान साफ करायच्या काड्यांची कापसाची टोकं तीन-चार दिवस बंद करून ठेवा. मग चिमट्याने दोन टोकं उचलून झाकणाला भोकं पाडलेल्या स्टीलच्या छोट्या डबीत घाला. हिंगाची जुनी डबी घासून घेतली तरी चालत नाही, प्लास्टिकही वास धरून ठेवतं. हातालाही लवंगेचा वास लागू देऊ नका, नाहीतर घरातल्या प्रत्येक कडी-कोयंड्यावर लवंगच.

डबी खुणेच्या खोक्यात, खाऊ तिच्या अगदी वर. असे बारा-पंधरा शोध, दोन-तीन दिवसांत विभागून. मग एकदा नुसती डबी ठेवा. कुत्रं तिथे थबकून हुंगलं की त्याच क्षणी खाऊ डबीवर टाका. उशीर करू नका, आणि डबी चावू देऊ नका.

ही डबी पुढे अंगणात, जिन्यात, पार्किंगमध्ये लपवता येते, कुत्रं लांब पट्ट्यावर ठेवून. बाहेर खाऊ मात्र कधीच लपवू नका. रस्त्यावर पडलेलं उचलून खायची सवय लागते, आणि कुठे उंदराचं औषध टाकलेलं असेल सांगता येत नाही.

खेळ संपला की "झालं" म्हणा, खोकी त्याच्यासमोरच उचला, लवंगेची डबी झाकणबंद बरणीत, खाऊपासून लांबच्या कपाटात ठेवा आणि पाण्याचं भांडं भरून द्या.