कॉपीत दर बदलला की मूळ यादीतही बदलतो?

देवगड हापूसची दरयादी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘बाग’ नावाच्या डिक्शनरीत (नावासमोर माहिती ठेवणाऱ्या यादीत) आहे: ‘देवगड’च्या आत ४ डझन, ५ डझन पेटीचे दर. ती .कॉपी() ने उचलून वाशी मार्केटचे दर भरले, की बागेवरच्या विक्रीचे दरही बदलतात. नवी होते ती फक्त वरची डिक्शनरी. आतली दोघांची एकच.

१. वर ‘इम्पोर्ट कॉपी’ लिहा.
२. वाशी = कॉपी.डीपकॉपी(बाग). यात आतली डिक्शनरीही नवी होते.
३. वाशी['देवगड'] इज बाग['देवगड'] प्रिंट करा. फॉल्स, म्हणजे दोन्ही वेगळ्या, असं यायला हवं. ही तपासणी आतल्या डिक्शनरीवरच करा. नुसत्या आकड्यांवर ट्रू आलं तरी काही बिघडत नाही.

जावास्क्रिप्टवाल्यांनी कॉपीसाठी तीन टिंबांच्या (...) भरवशावर राहू नये, त्यातही फक्त वरचंच नवं होतं; स्ट्रक्चर्डक्लोन वापरावं. मात्र आत फंक्शन असेल तर ते सरळ एरर देतं.